घानाचा इतिहास आणि संस्कृती डेटाबेसमध्ये शोधायची तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी घाना या देशाचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासायची आहे, ग्रंथालयाच्या पानावर डेटाबेसची लांबलचक यादी आहे, आणि जेस्टोर या अभ्यासलेखांच्या डेटाबेसमध्ये देशाचं नाव आणि 'हिस्टरी' एवढं टाकलं तरी इतके लेख येतात की वाचायचं काय आणि सोडायचं काय हेच कळत नाही.

संदर्भ विभागात काम करताना हा प्रश्न वरचेवर येतो, देश तेवढा बदलतो. उत्तर जरा लांबणार आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. शोधचौकटीत शब्द टाकण्याआधी स्वतःला विचारा: मला हवी असलेली गोष्ट त्या काळी कोणी लिहून ठेवली असेल? कुठल्या भाषेत? त्या जागेला, त्या माणसांना तेव्हा काय म्हणत होते? आणि तो कागद आज कोणाकडे असेल? याची उत्तरं अर्धीमुर्धी जरी हाताशी असली तरी यादीतले चार-पाचच डेटाबेस तुमच्या कामाचे आहेत हे लक्षात येतं आणि बाकीच्यांकडे निर्धास्तपणे पाठ फिरवता येते.

जेस्टोरपासून सुरुवात करू नका. जेस्टोर उत्तम आहे, पुढे त्याची गरज पडेलच. पण तिथला साधा शोध लेखाच्या संपूर्ण मजकुरात चालतो. कोको पिकावरच्या अर्थशास्त्राच्या लेखात 'घाना' एकदा आलं आणि तळटीपेत 'हिस्टरी' आलं की तो लेखही तुमच्या यादीत. शोध लेखाच्या शीर्षकापुरता मर्यादित केला तर यादी आटोक्यात येते. सारांशापुरता मात्र करू नका, कारण जुन्या लेखांना बहुधा सारांश नसतोच, आणि मग नेमके साठ-सत्तरच्या दशकातले पायाभूत लेख गळून जातात. शिवाय तिथल्या बऱ्याच नियतकालिकांचे अगदी अलीकडच्या काही वर्षांचे अंक नसतात. प्रकाशकाशी तसा करारच असतो. 'या विषयावर गेल्या चार वर्षांत कोणी लिहिलंच नाही' असा निष्कर्ष जेस्टोरवरून काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. लिहिलेलं असतं, ते प्रोजेक्ट म्यूझ या दुसऱ्या लेखसंग्रहावर किंवा प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर असतं.

पहिला दिवस एका चांगल्या आढाव्याला द्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'कंट्री स्टडी' नावाची देशवार पुस्तकं काढली होती आणि ती इंटरनेटवर मोफत आहेत. घानावरचं 1995 सालचं आहे. त्यातलं राजकारण आणि अर्थकारण आता जुनं झालंय, आणि ही मालिका अमेरिकी सैन्याच्या गरजेतून सुरू झाली होती हेही ध्यानात ठेवा. पण इतिहासाचं आणि समाजाचं प्रकरण पाया म्हणून भक्कम आहे. वाचताना सारांश काढत बसू नका. एका कागदावर फक्त नावं, सनावळ्या आणि सत्ता उतरवा. घानाचा कागद साधारण असा दिसेल: 1482 मध्ये पोर्तुगीजांनी एल्मिनाचा किल्ला बांधला, 1637 मध्ये तो डचांनी घेतला आणि 1872 पर्यंत त्यांच्याकडे राहिला, अक्राजवळचा क्रिस्टियान्सबोर्ग किल्ला 1850 पर्यंत डॅनिश लोकांकडे, 1874 मध्ये ब्रिटिशांची गोल्ड कोस्ट वसाहत, 1901 मध्ये असान्ते राज्य (राजधानी कुमासी) ब्रिटिश साम्राज्याला जोडलं गेलं, पूर्वेकडचा पट्टा 1914 पर्यंत जर्मन टोगोलँडचा भाग, पुढे ब्रिटिशांकडे, आणि 1956 च्या सार्वमतानंतर घानात, 6 मार्च 1957 ला स्वातंत्र्य.

आता या कागदाकडे संशोधक म्हणून पाहा. सतराव्या शतकातल्या एल्मिनाबद्दलचे कागद डच भाषेत आणि नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असणार. अठराव्या शतकातल्या अक्राबद्दल डॅनिश भाषेत पुष्कळ काही असणार. पूर्वेकडच्या व्होल्टा भागाचा 1914 पूर्वीचा इतिहास जर्मनमध्ये. म्हणजे फक्त इंग्रजी डेटाबेसमध्ये शोधलं तर या देशाचा इतिहास एकोणिसाव्या शतकात एकदम सुरू झाल्यासारखा दिसेल. डच येत नसेल तरी बिघडत नाही; त्या कागदांवर काम करून इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे लेख शोधायचे आहेत हे कळणं हाच निम्मा फायदा.

आता नावांकडे वळते. सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच वाया जातो. 1957 च्या आधी 'घाना' हा देश नव्हता, तेव्हा जुन्या छापील मजकुरात 'गोल्ड कोस्ट' शोधायला हवं. पण नुसतं 'गोल्ड कोस्ट' टाकलं तर ऑस्ट्रेलियातलं त्याच नावाचं शहर मध्ये येतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह संग्रहात तर त्याचा पूरच येतो. उलट 'घाना' टाकून मध्ययुगात गेलात तर जे सापडतं ते आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या प्रदेशातलं प्राचीन घाना साम्राज्य. आजच्या देशाने त्याचं नाव घेतलं, भूभाग तो नव्हे. अरबी लेखक अल-बक्रीने 1068 च्या सुमारास वर्णन केलेली राजधानी कुमासीच्या आसपास शोधू नका.

मग यावर उपाय काय? ग्रंथालयाची तालिका, म्हणजे कॅटलॉग. तालिका ही फक्त पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे बघायची जागा असं बहुतेकांना वाटतं. खरं तर विषयाची भाषा शिकायची सर्वांत चांगली जागा तीच. तुमच्या विषयावरचं एक चांगलं पुस्तक घ्या, तालिकेत त्याची नोंद उघडा आणि शीर्षक-लेखकाच्या खाली जा. तिथे 'विषय' असा रकाना असतो. असान्ते समाजावरच्या पुस्तकाच्या नोंदीत साधारण अशा ओळी दिसतील: 'अशान्टी, आफ्रिकन लोक — इतिहास', 'घाना — इतिहास — 1957 पर्यंत', 'घाना — सामाजिक जीवन आणि चालीरीती'. इंग्रजीत असतात, पण रचना हीच. ही लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं, आणि जगभरातली असंख्य ग्रंथालयं तीच वापरतात.

या तीन ओळी नीट वाचल्या तर पुष्कळ कळतं. दुसऱ्या ओळीत '1957 पर्यंत' आहे, पण देशाचं नाव 'घाना'च आहे. म्हणजे विषयशीर्षक देताना देशाचं आजचं नाव धरतात. 1890 मध्ये छापलेल्या, शीर्षकात 'गोल्ड कोस्ट' असलेल्या पुस्तकालाही हेच शीर्षक मिळतं. त्या एका ओळीवर क्लिक केलं की दोन्ही नावांखालची पुस्तकं एकत्र येतात. पहिल्या ओळीत गंमत उलटी आहे: आजचे अभ्यासक 'असान्ते' लिहितात, शीर्षकात मात्र जुनं 'अशान्टी' टिकून आहे. म्हणून मजकुरात शोधताना आजचा शब्द आणि विषयात शोधताना तालिकेचा शब्द, असे दोन वेगळे शोध करावे लागतात. आणि तिसऱ्या ओळीतलं 'सामाजिक जीवन आणि चालीरीती' हे जोडशीर्षक कुठल्याही देशाच्या नावापुढे लावता येतं. 'कल्चर' हा शब्द टाकून जे कधी सापडणार नाही ते यात सापडतं, कारण 'कल्चर' शब्द शेतीच्या आणि सूक्ष्मजीवांच्या लेखांतही येतो.

हेच काम वर्ल्डकॅटमध्ये केलं तर जगभरातल्या हजारो ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र पाहता येतात. आपल्याकडे नसलेलं पुस्तक अस्तित्वात आहे हे तिथे कळतं, आणि मग आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी करता येते. ही मागणी करायला विद्यार्थी का लाजतात ते मला कळत नाही. ती सेवा तुमच्यासाठीच आहे.

विषयशीर्षकं हाती आली की लेखांकडे वळा, आणि इथे हिस्टॉरिकल ॲबस्ट्रॅक्ट्स आधी उघडा. 1450 पासूनच्या जगाच्या इतिहासावरचे लेख त्यात आहेत. अमेरिका आणि कॅनडा वगळलेत, त्यांच्यासाठी अमेरिका: हिस्टरी अँड लाइफ हा वेगळा डेटाबेस आहे. हिस्टॉरिकल ॲबस्ट्रॅक्ट्समधली एक सोय मला फार मोलाची वाटते: लेख कुठल्या कालखंडाबद्दल आहे, त्यावर गाळणी लावता येते. इतर बहुतेक ठिकाणी जी तारखेची गाळणी दिसते ती लेख छापल्याच्या तारखेची असते. 1870 ते 1900 असं टाकून 'काहीच नाही' म्हणत येणाऱ्यांचा घोटाळा बहुधा हाच असतो. त्यांना 1870-1900 या काळाबद्दलचे लेख हवे असतात आणि ते शोधत असतात त्या काळात छापलेले.

इथे शोधवाक्य थोडं नीट बांधा. पर्यायी नावं कंसात घेऊन मध्ये 'ऑर' लिहा आणि दोन वेगळ्या कल्पना 'ॲन्ड'ने जोडा. रोमन लिपीत अशान्टीच्या 'टी' या अक्षरापर्यंत लिहून पुढे तारांकन (*) दिलं की शेवटी एक आय असलेलं, दोन ई असलेलं आणि अनेकवचनी, तिन्ही रूपं सापडतात. 'असान्ते' मात्र सापडत नाही, ते 'ऑर' लावून वेगळं द्यावं लागतं. 'नॉट' शक्यतो टाळा. ऑस्ट्रेलिया नको म्हणून 'नॉट ऑस्ट्रेलिया' लिहिलंत तर ज्या उत्तम लेखाच्या तळटीपेत ऑस्ट्रेलियातल्या प्रकाशकाचं नाव आहे तोही जाईल. त्याऐवजी 'आफ्रिका', 'अक्रा', 'कुमासी' असं काही 'ॲन्ड'ने जोडलेलं बरं.

नियतकालिकांची नावंही बघून ठेवा. जर्नल ऑफ आफ्रिकन हिस्टरी 1960 पासून निघतं. घानातल्या इतिहास परिषदेचं 'ट्रान्झॅक्शन्स' 1952 मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या नावात 'गोल्ड कोस्ट अँड टोगोलँड' होतं, 1957 नंतर 'घाना' आलं. दोन्ही नावांचे अंक जेस्टोरवर आहेत. आता जेस्टोर उघडा, पण एका नियतकालिकापुरतं, आणि अनुक्रमणिका अंकामागून अंक चाळा. शोधचौकटीत जे शब्द तुम्हाला सुचलेच नसते ते विषय अनुक्रमणिकेत समोर येतात. ज्यांच्या प्रबंधिका मला खरोखर आवडल्या त्यातले बरेच जण असे चाळणारे होते.

आता वर्तमानपत्रं. इथे सविस्तर थांबते, कारण आनंद आणि फसगत दोन्ही इथेच जास्त आहेत.

समजा तुम्हाला 1873-74 चं ब्रिटिश-असान्ते युद्ध बघायचंय. सर गार्नेट वूल्झलीच्या सैन्याने फेब्रुवारी 1874 मध्ये कुमासीत शिरून शहर जाळलं. टाइम्स डिजिटल आर्काइव्हमध्ये लंडनच्या टाइम्सचे 1785 पासूनचे अंक आहेत. तारखा लावून आजच्या स्पेलिंगने 'कुमासी' टाकलंत तर हाती फारसं लागणार नाही. त्या काळचे इंग्रज बातमीदार हे नाव सी, दोन ओ, एम, ए, दोन एस, आय, ई असं लिहीत. तसं टाका आणि पानंच्या पानं उघडतात. असान्तेसाठीही शेवटी दोन ई असलेलं रूप त्या वेळी सर्रास चाले. जुनं रूप कुठलं हे कसं कळायचं? त्या काळातलं एक पुस्तक हाथीट्रस्ट किंवा इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथसंग्रहांत उघडा आणि त्याची शब्दसूची बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

बरोबर रूप टाकूनही शोध हुकतो, कारण संगणकाने पानाच्या छायाचित्रावरून अक्षरं ओळखलेली असतात. फिकट शाई, दोन स्तंभांमधली पुसट रेघ, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द, यांनी ओळख चुकते. 1800 पूर्वीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या आतला एस लांबट छापत, तो यंत्राला एफ वाटतो. म्हणून महत्त्वाच्या तारखा माहीत असतील तेव्हा शब्दाने शोधूच नका. त्या आठवड्याचे अंक उघडून पानं स्वतः बघा. शून्य निकाल आला याचा अर्थ बातमी नव्हती असा लावायचा नाही.

उलट बाजूही आहे. याच युद्धाची बातमीदारी न्यूयॉर्क हेरल्डसाठी हेन्री मॉर्टन स्टॅनली करत होता. हे वृत्तपत्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या मोफत संग्रहात आहे. न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट आणि ऑस्ट्रेलियाचा ट्रोव्ह हेही मोफत, आणि त्यातही या युद्धाच्या बातम्या भरपूर सापडतील. पण वसाहतीतली वृत्तपत्रं लंडनच्या अंकातला मजकूर काही आठवड्यांनी जसाच्या तसा छापत. तीन देशांतल्या दहा वृत्तपत्रांत एकच वर्णन सापडलं तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. वाक्यं शेजारी ठेवून वाचा आणि मूळ कुठलं ते ठरवा. 'जगभरच्या वृत्तपत्रांनी म्हटलं' हे वाक्य प्रबंधिकेत तोपर्यंत लिहू नका.

आणि यात असान्ते लोकांचा आवाज कुठे आहे? जवळजवळ नाहीच. 1900 मध्ये गव्हर्नर हॉजसनने असान्तेंच्या राज्याचं प्रतीक असलेलं सुवर्णासन मागितलं आणि एजिसू गावच्या राजमाता याआ असान्तेवा यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. आज त्या घानाच्या इतिहासातल्या सर्वांत परिचित स्त्रियांपैकी आहेत. पण त्यांच्या आजच्या नावाने 1900 च्या लंडनच्या वृत्तपत्रांत शोधलंत तर निराशा होईल. नाव वेगळ्या रूपात असेल, किंवा नुसता 'राणी' म्हणून उल्लेख असेल, किंवा नसेलच. अशा वेळी माणसाऐवजी गाव, पद, घटना आणि विरुद्ध बाजूचा अधिकारी यांची नावं टाका. 'हॉजसन' आणि 'सुवर्णासन' यांतून जे सापडतं त्यात राजमाता कुठेतरी असतेच. वसाहतीच्या कागदांत वसाहतीतल्या माणसांना शोधायची ही जुनी रीत आहे, आणि ती कुठल्याही देशाला लागू पडते.

सरकारी कागदांसाठी ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांचा डेटाबेस बघा. तो सशुल्क आहे, पण मोठ्या विद्यापीठांकडे असतो. 28 फेब्रुवारी 1948 ला अक्रात माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि दंगल उसळली, त्यावर नेमलेल्या वॉटसन आयोगाचा अहवाल हे सरकारी कागदांचं चांगलं उदाहरण. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जची डिस्कव्हरी ही तालिका मोफत आहे. गोल्ड कोस्टचा वसाहत खात्याशी झालेला पत्रव्यवहार तिथे 'सीओ 96' या मालिकेत आहे. फाइल ऑनलाइन वाचता आली नाही तरी तिचं शीर्षक आणि साल तालिकेत दिसतं, आणि कुठल्या वर्षी सरकार कशाने अस्वस्थ होतं हे नुसत्या शीर्षकांवरूनही बरंच कळतं.

संस्कृतीच्या बाजूला आलात की साधनं बदलतात. ईएचआरएएफ वर्ल्ड कल्चर्स हा येल विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा डेटाबेस. मानवशास्त्राची पुस्तकं आणि लेख यात परिच्छेदापर्यंत वर्गीकृत केलेत. प्रत्येक विषयाला क्रमांक आहे. दफनविधी आणि अंत्यसंस्कारांचा 764. आधी अकान समाज निवडा (असान्ते त्यातलेच), मग 764 निवडा, की वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले नेमके तेवढेच परिच्छेद समोर येतात. लेखकाने 'अंत्यसंस्कार' शब्द न वापरता नुसतं वर्णन केलं असेल तरी सापडतं, कारण माणसांनी वाचून क्रमांक दिलेत.

पण परिच्छेद असा तुटून समोर आला की त्याचा लेखक आणि काळ नजरेआड होतो, आणि इथे फार सावध राहावं लागतं. असान्ते समाजावरचं पुष्कळ मूळ लेखन कॅप्टन रॅट्रे यांचं आहे. ते वसाहत सरकारचे अधिकारी होते आणि 1921 पासून सरकारी मानवशास्त्रज्ञ. त्यांचं निरीक्षण बारीक आहे, भाषेचं ज्ञान खरं आहे, आणि तरीही ते राज्य करणाऱ्या सत्तेच्या नोकरीत होते. 1920 च्या दशकातलं त्यांचं वर्णन उचलून 'असान्ते लोक असं करतात' असं वर्तमानकाळात लिहिलं की शंभर वर्षं एका क्रियापदात गायब होतात. प्रत्येक परिच्छेदाबरोबर कोणी पाहिलं, कधी पाहिलं आणि कुठल्या गावात पाहिलं, हे टिपून ठेवा.

साहित्य आणि लोककथांसाठी एमएलए इंटरनॅशनल बिब्लिओग्राफी, संगीतासाठी आरआयएलएम. विषय तसा असेल तरच उघडा. चित्रं आणि वस्तूंसाठी मात्र सगळ्यांनीच संग्रहालयांचे डेटाबेस बघावेत, इतिहासाचे विद्यार्थी ते फार कमी बघतात. ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात 1817 मध्ये ब्रिटिश दूत बाउडिचने मिळवलेलं अदिंक्रा, म्हणजे ठशांनी नक्षी उमटवलेलं, वस्त्र आहे; आज टिकून असलेल्या अदिंक्रा वस्त्रांपैकी ते सर्वांत जुन्यांपैकी मानलं जातं. वस्तूच्या चित्रावर थांबू नका. ती संग्रहालयाकडे कशी आणि कधी आली हे सांगणारा रकाना वाचा. असान्तेंच्या सोन्याच्या वस्तूंपुढे 1874 किंवा 1896 च्या आसपासची मोहीम किंवा तिथून परतलेल्या अधिकाऱ्याचं नाव दिसलं तर ती लूट कशी पांगली त्याचा माग लागतो. यातल्या 32 वस्तू 2024 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने कुमासीच्या मानहिया राजवाडा संग्रहालयाला उसन्या दिल्या. उसन्या, परत नव्हे. संस्कृतीचा अभ्यास करताना हा फरक लिहिलाच पाहिजे.

स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचा छायाचित्र संग्रहही मोफत आहे. हे मिशन 1828 पासून गोल्ड कोस्टमध्ये होतं. घरं, शाळा, बाजार, कोकोचे मळे, कपडे, सगळं त्यात दिसतं. मिशनऱ्यांनी काय टिपलं याबरोबर काय टिपलं नाही हेही बघत जा.

आता ज्याच्यासाठी मी सगळ्यात आग्रही आहे ते. ज्या देशाबद्दल लिहिताय त्या देशातल्या लोकांचं लेखन शोधा, आणि ते नेहमीच्या मोठ्या डेटाबेसमध्ये आपोआप वर येईल अशी वाट पाहू नका. आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइनवर आफ्रिकेत निघणारी नियतकालिकं आहेत, त्यातली पुष्कळ मोफत. घाना विद्यापीठाच्या यूजीस्पेस या भांडारात तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत. एखाद्या गावातल्या राजपदाच्या वादावर किंवा एका सणावर सगळ्यात सखोल काम अशाच प्रबंधात सापडतं, कारण तो लिहिणारा त्या गावात महिनोन्‌महिने राहू शकतो, बोलीभाषा त्याचीच असते. जुन्या काळातलंही आहे: कार्ल क्रिस्टियान राइनडॉर्फ यांनी 1895 मध्ये गोल्ड कोस्ट आणि असान्तेचा इतिहास छापला, तो वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडून ऐकलेल्या परंपरांवर उभा केलेला. तो आज मोफत वाचता येतो. वृत्तपत्रांतही केप कोस्टहून 1902 पासून गोल्ड कोस्ट लीडर निघत होतं, आफ्रिकन संपादकांचं. रीडेक्स या कंपनीचा 1800 ते 1922 या काळातल्या आफ्रिकन वृत्तपत्रांचा डेटाबेस तुमच्या ग्रंथालयात असेल तर लंडनच्या टाइम्सइतकाच वेळ त्यालाही द्या. आकडा म्हणून सांगत नाही, पण तुमच्या संदर्भसूचीत घानाच्या लेखकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील तर शोध अजून अपुरा आहे असं समजा.

गुलामांच्या व्यापारावर काम करणार असाल तर स्लेव्ह व्हॉयेजेस हा मोफत डेटाबेस वेगळ्या जातीचा आहे. त्यात 36,000 हून जास्त सफरींच्या नोंदी आहेत: जहाज, साल, कुठून किती माणसं चढवली, किती उतरवली. चढवलेल्या आणि उतरवलेल्या आकड्यांमधला फरक म्हणजे वाटेत मेलेली माणसं. काही आकडे कागदावरून घेतलेले आहेत आणि काही अंदाजाने भरलेले; डेटाबेस हे वेगळं दाखवतो. तक्ता बनवताना तुम्हीही वेगळं दाखवा.

किरकोळ पण त्रासदायक गोष्टी चटकन सांगते. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता जपून ठेवू नका, लॉगिन संपलं की तो मरतो. लेखाच्या पानावर 'स्थायी दुवा' किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असतो तो घ्या. संदर्भ जपून ठेवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. कुठला डेटाबेस, कुठलं शोधवाक्य, कुठली तारीख, याची वही ठेवा, कारण महिन्याने तोच शोध पुन्हा करताना आधी काय करून झालंय ते आठवत नाही. पूर्ण लेख दिसत नसेल तर पैसे भरू नका. लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात मोफत प्रत असू शकते, नसेल तर ग्रंथालय मागवून देतं.

शेवटी डेटाबेसच्या बाहेरचं. घानाचं राष्ट्रीय अभिलेखागार आज पब्लिक रेकॉर्ड्स अँड आर्काइव्ह्ज ॲडमिनिस्ट्रेशन डिपार्टमेंट या नावाने चालतं आणि तिथल्या बहुतेक फाइली इंटरनेटवर नाहीत. घाना विद्यापीठाच्या लेगॉनमधल्या आफ्रिकन अभ्यास संस्थेत संगीताचे अभ्यासक क्वाबेना न्केटिया यांनी 1952 पासून ध्वनिमुद्रित केलेलं पारंपरिक संगीत आहे. अशा ठिकाणी सरळ पत्र लिहावं लागतं. त्यांच्याकडे काय आहे याचा सुगावा प्रकाशित लेखांच्या तळटीपांत असतो. फाइल क्रमांकासकट विचारलं तर उत्तर यायची शक्यता कितीतरी वाढते.

आणि आमच्यासारख्या ग्रंथपालांना लिहिताना 'घानाचा इतिहास आणि संस्कृती' एवढंच लिहू नका. कुठला समाज, कुठली तीस-चाळीस वर्षं, तुम्हाला कुठल्या भाषा वाचता येतात, आजवर कुठे कुठे शोधलं आणि तिथे कुठले शब्द टाकले, एवढं लिहा. काहीच ठरलेलं नसेल तर कंट्री स्टडीचं पहिलं प्रकरण वाचून त्यातल्या ज्या परिच्छेदापाशी तुम्ही रेंगाळलात तो परिच्छेद पाठवा, तिथून सुरुवात करू.